तीनशे की दोनशे सहा?

अंबा नदी धरमतरला पोचेपर्यंत खाडी झालेली असते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या. या पाण्यात रात्रभर काही सोडलं तर सकाळी त्याचं काय उरतं, हे इथल्या खारेपाटातल्या पोरांना सांगावं लागत नाही. म्हणूनच सुश्रुतसंहितेतली एक सूचना इथल्या माणसाला ताबडतोब पटेल: शरीर शिकायचं तर प्रेत नदीच्या पाण्यात ठेवावं, पण पिंजऱ्यात घालून, बांधून.

ही सूचना शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि ती थक्क करून सोडते. प्रेत कसं निवडावं? सर्व अवयव शाबूत असलेलं, विषाने न मेलेल्या, फार दिवस आजारी नसलेल्या, शंभरी न गाठलेल्या माणसाचं. आतडी साफ करावीत. अंगाला मुंज गवत, झाडाची साल, दर्भ किंवा ताग गुंडाळावा. पिंजरा आडोशाच्या जागी, वाहत्या पाण्यात बांधून ठेवावा. सात रात्रींनंतर शरीर नीट कुजलं की बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत जावं आणि त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. सुरीचं नावही नाही! पाण्याने सैल केलेले थर कुंचल्याने उलगडायचे.

हे कशासाठी, तेही ग्रंथच सांगतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही एकत्र आलं की ज्ञान वाढतं. आजच्या बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाची सगळी मांडणी या एका अपेक्षेवर उभी आहे, असं मला वाटतं. हे ‘वर्ष’ दीड वर्षांचं असतं. एकूण अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. विद्यार्थी एका तासाला पदार्थविज्ञानात द्रव्य, गुण, कर्म शिकतो, दुसऱ्या तासाला संहिता, तिसऱ्याला क्रियाशारीरात दोष-धातूंच्या जोडीला हृदयाचे ठोके आणि मज्जातंतू. मग रचनाशारीर, म्हणजे डिसेक्शन हॉल. फॉर्मॅलिनचा डोळे झोंबणारा वास, टेबलावर बॉडी आणि हातात बोन सेट.

इथे पहिली कोंडी होते. हाडं किती? मॉडर्नच्या पुस्तकात २०६. सुश्रुताच्या मते ३००, चरकाच्या मते ३६०. व्हायव्हाला दोन्ही विचारतात, आणि दोन्ही उत्तरं बरोबर धरतात.

यावर एक झटपट उत्तर सांगितलं जातं: जन्मताना बाळाला तीनशेच्या आसपास हाडं असतात, पुढे ती जुळून २०६ होतात, तेव्हा सुश्रुताने लहान मुलाची हाडं मोजली असणार. ऐकायला छान आहे, पण टिकत नाही. सुश्रुताच्या यादीत दात बत्तीस आहेत, आणि बाळाच्या तोंडात बत्तीस दात कुठून येणार? तो मोठ्या माणसाचीच हाडं मोजत होता. फक्त ‘हाड’ कशाला म्हणायचं, याची त्याची कसोटी वेगळी होती. त्याने हाडांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात. तरुण म्हणजे नाक-कानातली मऊ हाडं, ज्यांना आज आपण कूर्चा म्हणतो. हे सगळं हिशोबात घेतलं की आकडा वर जाणारच.

एक फरक तर स्वतःच्या हातावर तपासता येतो. सुश्रुत पायाच्या प्रत्येक बोटात तीन हाडं मोजतो, पाच बोटांची पंधरा. आधुनिक शरीररचनाशास्त्र चौदा मोजतं, कारण अंगठ्याला दोनच पेरं धरतं. हातालाही तसंच. आता आपला अंगठा हलवून पाहा. तळव्यात दडलेलं त्याच्या मुळाचं हाड इतर बोटांच्या मुळांपेक्षा कितीतरी मोकळं हलतं. ते बोटाचं की तळव्याचं? आज त्याला तळव्याचं म्हणतात. पण वाढत्या मुलांमध्ये तळव्याच्या बाकी चार हाडांचं वाढीचं टोक बोटांच्या बाजूला असतं, तर अंगठ्याच्या या हाडाचं मनगटाच्या बाजूला, अगदी बोटाच्या पेरांसारखं. पायाच्या अंगठ्याचंही तेच. म्हणजे मुलांच्या एक्स-रेत हे हाड पेरासारखं वागतं! चौदा की पंधरा, हा प्रश्न वाटतो तितका वेडा नाही.

त्वचेचंही तसंच. सुश्रुत तिचे सात थर सांगतो आणि जाडी मोजतो भाताच्या दाण्याने. सगळ्यात वरचा थर अवभासिनी, दाण्याच्या अठराव्या भागाएवढा; सगळ्यात खालचा मांसधरा, दोन दाण्यांएवढा. वर बजावतो, की हे माप मांसल जागी, कपाळावर किंवा बारीक बोटांवर नव्हे. पेणच्या भातशेतीत वाढलेल्या मुलीला हे माप समजायला पुस्तक उघडावं लागणार नाही.

पण या पद्धतीची एक मर्यादा होती. सात दिवस पाण्यात राहिलेल्या शरीरात हाडं, सांधे, बंध उत्तम दिसतात, पण मेंदू फार लवकर मऊ होऊन विरघळतो आणि बारीक मज्जातंतू कुंचल्याखाली टिकत नाहीत. जुन्या वर्णनांत हाडं-मर्मं इतकी ठसठशीत का आणि मेंदूचा आतला भाग इतका अंधुक का, याचं एक कारण मला यातच दिसतं. फॉर्मॅलिनने ऊती टिकवता येतात, हे फर्डिनांड ब्लूमने १८९३ साली दाखवून दिलं. आता तोच मेंदू हातात घेऊन कापून पाहता येतो. मुळात सुश्रुताने डोळ्यांनी बघ म्हटलं होतं, ते आता जास्त खोलवर करता येतं एवढंच. कोलकात्यात १८३६ साली शवविच्छेदन करणारे मधुसूदन गुप्त हेही मूळचे वैद्यच, संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकवणारे.

असाच दुहेरी अभ्यास चीनमध्येही चालतो. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालयं निघाली. तिथला विद्यार्थी यिन-यांग आणि पंचतत्त्वांबरोबर शरीररचना आणि शरीरक्रिया शिकतो. एका वर्गात त्याला सांगतात की प्लीहा अन्नाचं सार शरीरभर पोचवते. शेजारच्या वर्गात, की प्लीहा रक्त गाळते. गंमत म्हणजे रक्त वाहिन्यांत धरून ठेवणं हेही चिनी परंपरेने प्लीहेकडेच दिलं आहे, आणि चरक रक्तवह स्रोतसाचं, म्हणजे रक्त वाहून नेणाऱ्या मार्गाचं, मूळ यकृत-प्लीहेतच सांगतो.

या चिनी विद्येचा धागा आपल्याकडेही येतो. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्यातलेच. कोटणीस तिथे चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवता शिकवता १९४२ साली वारले. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून आले आणि ती विद्या त्यांनी भारतात रुजवली. महाराष्ट्राने तर ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदाच केला.

ॲक्युपंक्चर शिकणाऱ्याला पहिल्यांदा हातात मिळते ती पट्टी म्हणजे रुग्णाचाच हात. त्याच्या अंगठ्याची रुंदी एक चुन, चार बोटांची रुंदी तीन चुन. गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापासून तीन चुन खाली, नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर, तिथे झूसान्ली हा बिंदू. उंच माणसाला तो लांब, बुटक्याला जवळ. आयुर्वेदातही शरीर मोजतात ते ज्याचं त्याच्या अंगुळांनी, आणि १०७ मर्मांची मापंही अंगुळांतच. हिमालयाच्या दोन्ही बाजूंना लोकांनी शरीर त्याच्याच मापाने मोजलं!

मात्र खांद्यावर, मान आणि खांद्याच्या टोकाच्या मध्यावर, जिआनजिंग नावाचा बिंदू आहे. तिथे बोटांनी मोजलेलं माप जागा अचूक दाखवतं, खाली काय आहे ते दाखवत नाही. फुप्फुसाचं टोक गळ्याखालच्या आडव्या हाडाच्याही दोन-तीन सेंटिमीटर वर चढलेलं असतं. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा शिरते. म्हणून तिथे सुई उथळच घालायची, आणि हाडकुळ्या माणसाला तर फारच जपून. हे का, ते विद्यार्थ्याला कळतं ते छाती उघडलेल्या बॉडीजवळ उभं राहून, त्या हाडामागे बोट घालून पाहिल्यावर.