खर्रा, निवृत्ती आणि तोंडाची तपासणी

माजी सैनिकांना २००३पासून ईसीएचएस या आरोग्ययोजनेचे छत्र आहे; नागपुरात तिचे पॉलिक्लिनिक आहे आणि शहरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालयही आहे. मग त्यांच्या कर्करोगाची वेगळी काळजी कशाला? उत्तर विदर्भाच्या खर्ऱ्यात आहे. तंबाखू, सुपारी, चुना एकत्र घोटलेला हा खर्रा गालात बराच वेळ राहतो. त्यातून उमटणारा, कर्करोगाची चाहूल ठरू शकणारा पांढरा चट्टा बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्याची पायरी कोण चढतो? सेवेत असताना ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. निवृत्तीनंतर ती शिस्त सुटते, नेमकी धोका वाढण्याच्या वयात. उपचार फुकट असणे आणि रोग वेळेत सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

निवृत्त सैनिकांच्या तोंडाची नियमित तपासणी सुरू केली तर उगीच घबराट पसरेल, हा आक्षेप मला पटत नाही. केरळात १९९६मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी बॅटरीच्या उजेडात नुसते तोंड तपासले. २००५च्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. दोन मिनिटांचे हे काम पॉलिक्लिनिकमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकासाठी करता येते. सेवा सर्वांपर्यंत सारखी पोचली तर काय होते, हेही दिसले आहे: अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत समान उपचार मिळाले, तेव्हा प्रोस्टेट कर्करोगाच्या मृत्यूंतली कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधली दरी जवळजवळ मिटली. आपल्याकडे दरी अंतराची आहे: ईसीएचएसचे कार्ड सारखेच, पण गडचिरोलीच्या गावातल्या माजी जवानाला नागपूर गाठताना दिवस मोडतो. म्हणून तपासणीच त्याच्या तालुक्यात जायला हवी, आणि त्याच शिबिरात त्याच्या पत्नीच्या स्तनांची व गर्भाशयमुखाचीही.