लहान वयातलं गाणं : टाळ्या कशाला पडतात? (लेखांक ६)

गिरगावातल्या घराणेदार तालमीबद्दल गेल्या आठवड्यात लिहिताना एक प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता. लहान मुलाने मैफल जिंकली म्हणजे त्याने नेमकं काय मिळवलेलं असतं? या प्रश्नाचा पुरावा मुंबईत जितका हाताशी आहे तितका दुसरीकडे क्वचितच सापडेल, कारण हिंदुस्थानी संगीतातल्या सर्वांत गाजलेल्या बालगायकाचं मुंबईतलं गाजणं आणि पुढचं शिकणं या दोन्ही गोष्टी गिरगावच्या परिसरातच घडल्या. १९१८ साली लॉर्ड विलिंग्डनच्या स्मारकाला विरोध करून मुंबईकरांनी वर्गणी काढली आणि त्यातून काँग्रेस हाउसच्या आवारात जिना हॉल उभा राहिला. राजकीय सभांसाठी बांधलेल्या या सभागृहात १९३५-३६च्या सुमारास भरलेल्या संगीत परिषदेत बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी गायला. जन्म ८ एप्रिल १९२४चा, म्हणजे वय अकरा-बारा. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला त्याआधीच, सातव्या वर्षाच्या आसपास मिळालेली होती आणि वडिलांबरोबर गावोगाव त्याचे जलसेही चालू होते. मुंबईच्या जाणत्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, हे सर्वांना ठाऊक असतं. त्या दिवशी तो नेमकं काय गात होता, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होतं.

तो ध्वनिमुद्रिका गात होता. त्या काळच्या नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून, त्यांतली जागा न् जागा, हरकत न् हरकत तो हुबेहूब उतरवत असे. रागाचं नाव, त्याचे नियम, आरोह-अवरोह यांचं रीतसर शिक्षण त्याला मिळालेलं नव्हतं. याने त्याची प्रतिभा कमी ठरत नाही, उलट थक्क व्हायला होतं. पण ती कोणत्या जातीची प्रतिभा होती, हे समजून घ्यायचं तर तबकडीकडे पाहावं लागतं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा म्हणजे स्थायी, अंतरा, थोडे आलाप आणि निवडक ताना, की झालं! गवयाच्या हातून ती एक पूर्ण, बंदिस्त, पुन्हा पुन्हा तशीच ऐकता येणारी वस्तू होऊन बाहेर पडे. तबकडी नव्हती तेव्हा सुळेभावीसारख्या गावातल्या मुलाच्या कानावर दूरच्या घराण्यातल्या उस्तादाचं गाणं पडण्याची शक्यताच नव्हती, आणि पडलं तरी एकदाच. ग्रामोफोनने ते घरात आणलं आणि हव्या तितक्या वेळा ऐकवलं. तीव्र कान आणि लवचीक गळा असलेल्या मुलाला ते अख्खं गिळता आलं. माझं म्हणणं असं, की असा बालगायक जितका देवाघरचा होता तितकाच ग्रामोफोनचाही होता.

प्रत्येक माध्यम आपल्याला सोयीचं बालनवल निवडून घेतं. संगीत नाटकाने केशवराव भोसले दिले. १८९०चा जन्म, पोरवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत ‘शारदे’ची भूमिका गाजवलेली आणि १९०८ साली, अठराव्या वर्षी ‘ललितकलादर्श’ काढलेली. नाटकाला पद हवं होतं, आखीव आणि पुन्हा मागणी येईल असं. ते पद मुलाच्या उंच, कोवळ्या आवाजात विशेष खुलत असे. शंभर वर्षांनी, २००८-०९च्या हिवाळ्यात, झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने दादर-लालबागपासून गडचिरोलीपर्यंतची घरं संध्याकाळी टीव्हीसमोर बसवली. तिथेही काही मिनिटांत बसणारं, आधी पक्कं केलेलं गाणं हवं होतं. पद, तबकडी, टीव्हीवरची फेरी, तिन्हींना हवा असतो तयार माल. मुलाजवळ तो देण्याची क्षमता असते, कारण त्या वयात ग्रहणशक्ती आणि नक्कल करण्याची ताकद अफाट असते. ख्यालाची परीक्षा मात्र बढतीत होते. एका स्वरावर किती थांबायचं, पुढचा स्वर केव्हा उघडायचा, समेवर येताना काय राखून ठेवायचं, हे निर्णय गवयाला त्या क्षणी, श्रोत्यांसमोर घ्यावे लागतात. दुसऱ्याने घेतलेला निर्णय हुबेहूब उच्चारता येणं आणि स्वतः निर्णय घेता येणं ही एकाच शिडीची खालची-वरची पायरी आहे असं आपण धरून चालतो. मला ती दोन वेगळी कौशल्यं वाटतात. पहिल्यातून दुसरं आपोआप उगवत नाही, ते कुणीतरी लावावं लागतं.

ते लावणारा माणूस कुमारांना मुंबईत भेटला. बी. आर. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. १९२५ साली त्यांनी ऑपेरा हाउसच्या परिसरात ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढलं. पाश्चात्त्य संगीत शिकलेला, आवाजाच्या जोपासनेचा शास्त्रशुद्ध विचार करणारा हा गुरू घराण्याची कुंपणं मानत नव्हता. सिंदे खाँसारख्या फकिरी वृत्तीच्या, बाहेर कुणी फारसं विचारत नसलेल्या गवयालाही त्यांच्याकडे आसरा होता आणि बडे गुलाम अलींसारख्या थोरांचंही जाणंयेणं होतं. कुमार तिथे सुमारे अकरा वर्षं राहिले. ज्याच्या नावाची जाहिरात करून तिकिटं खपत होती त्या मुलाला सा-रे-ग-मपासून राग शिकायला बसवणं, त्याच्या बापाने ते मान्य करणं आणि मुलाने ते सोसणं, या तिन्ही गोष्टी जिना हॉलमधल्या टाळ्यांपेक्षा दुर्मीळ आहेत. त्या काळात कुमार मैफलीत अजिबात गायले नाहीत असं नाही. गायले. पण गाणं हा आता चमत्काराचा प्रयोग राहिला नव्हता. याच वर्षांत त्यांचा आवाज फुटला असणार. मुलग्याच्या गळ्यावर येणारं हे संकट बालगायकाच्या चरित्रात फारसं कुणी लिहीत नाही, कारण तेव्हा सांगण्यासारखं काही घडत नाही. जे असतं तेच जातं. त्या वेळी गळ्याचं शास्त्र जाणणारा गुरू जवळ असणं हा निव्वळ योगायोग म्हणावा, तर फारच मोठा योगायोग.

देवधरांच्या बरोबरीने अंजनीबाई मालपेकरांचंही नाव घ्यायला हवं. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँकडे लहानपणापासून शिकलेल्या अंजनीबाई १८९९ साली, सोळाव्या वर्षी मुंबईत पहिल्यांदा मैफलीत बसल्या आणि चाळिशीच्या सुमारास मैफलीतून बाजूलाही झाल्या. कुमार त्यांच्याकडे शिकले, किशोरी आमोणकरही शिकल्या. लवकर मिळालेलं यश आणि लवकर सोडलेलं व्यासपीठ या दोन्हींचा अनुभव घेतलेली बाई पुढच्या पिढीच्या कोवळ्या गळ्यांवर काम करत होती. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप १९५८ साली मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडे मैफलीचा इतिहास लिहिला जातो आणि शिकवणीचा तळटीपेत जातो, म्हणून हे जरा सविस्तर. १९४७ साली कुमार देवधरांच्या शाळेतून बाहेर पडले ते गुरूच्या चौकटीशीही भांडू शकणारे गवई होऊन. मग क्षयाचं आजारपण, देवासचा मुक्काम आणि गाण्याचं सक्तीचं मौन. त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं १९६५ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. जिना हॉलपासून तिथवर तीस वर्षं जातात.

यावर पहिला आक्षेप येईल तो दत्तात्रेय विष्णू पलुस्करांच्या नावाने. १९२१चा जन्म, दहाव्या वर्षी वडिलांचं छत्र हरपलेलं, चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात पहिलं जाहीर गाणं, १९५२ला ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी आणि १९५५ साली, चौतिसाव्या वर्षी मृत्यू. तीस वर्षं वाट पाहिली असती तर हा गवई जगाला मिळालाच नसता. आक्षेप खरा आहे. मीही वयाची अट घालत नाही. पण पलुस्करांच्या चौदाव्या वर्षाच्या मागे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांची तालीम होती, वडिलांनी, म्हणजे विष्णू दिगंबरांनी, उभी केलेली आख्खी शिक्षणव्यवस्था होती. त्यांना निर्णय घ्यायला शिकवणारी माणसं आधी भेटली आणि व्यासपीठ नंतर. कुमारांच्या बाबतीत क्रम उलटा होता. दोघांचंही भागलं, कारण दोघांनाही दुसरी गोष्ट मिळाली. दुसऱ्या टोकाला केसरबाई केरकर आहेत. लहानपणापासून एकामागून एक गुरू झाले, पण प्रत्येक तालीम अर्धवट सुटली. अल्लादिया खाँसाहेबांची पक्की तालीम सुरू झाली १९२१ साली, वयाची तिशी जवळ आल्यावर, आणि ती खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, १९४६पर्यंत चालली. बालपणी केसरबाईंचा कुठे जयजयकार झाला नव्हता. पुढे त्यांच्या मैफलीत बसताना श्रोतेच वचकून असत.

दुसरा आक्षेप वाद्यांचा, आणि तो जास्त अवघड. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन शाळकरी वयातच तबल्यावर बसून मोठमोठ्यांना चकित करत होते आणि ती वाट कुठेही न तुटता २०२४च्या डिसेंबरपर्यंत गेली. तबल्याला आवाज फुटण्याचं भय नाही. कायदे, रेले, गती हा पाठांतराचा खजिना मुलाच्या हातात लवकर बसतो, त्यामुळे एकल वादनात दहा-बारा वर्षांचा मुलगा खरोखर बरंच काही सांगू शकतो. तरी साथसंगत ही वेगळी विद्या आहे. गवयाच्या मनात काय आहे ते ओळखून मागे राहणं पाठांतरात येत नाही. संतूरचं उदाहरण आणखी बोलकं. शिवकुमार शर्मा १९५५ साली मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात संतूर घेऊन बसले तेव्हा सतरा वर्षांचे होते. श्रोते खूश झाले, पण मींड निघत नाही ते वाद्य रागसंगीताला कसं चालेल, अशी शंका जाणकारांनी घेतली. त्या मुलाने टाळ्या आणि शंका यांपैकी शंका घरी नेली, तारांची रचना बदलली, वाद्य मांडीवर घेऊन वाजवायची पद्धत बसवली, आणि त्यात बरीच वर्षं घातली. सतराव्या वर्षाची कामगिरी म्हणून मी त्या मैफलीपेक्षा ती ऐकून घेण्याची वृत्ती मोजेन.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. व्यासपीठ दिलं नाही तर मूल कोमेजतं, आईबापांचा धीर सुटतो, आणि कलेवरच चूल पेटणाऱ्या घरांत मुलाची कमाई ही चैन नसते. मान्य. म्हणूनच प्रश्न व्यासपीठ असावं की नसावं हा नाही, कोणतं असावं हा आहे. गिरगावच्या चाळींतला गणेशोत्सव, गुरूच्या घरची गुरुपौर्णिमा, दादर-माटुंग्याच्या सर्कलांमधल्या सकाळच्या बैठका या जागांनी मुलांना चूक करायची मुभा दिली. समोर बसलेल्यांना मुलाचं नाव आणि त्याचा गुरू दोन्ही माहीत असत, गाणं फसलं तर ते पुढच्या वर्षी पुन्हा ऐकत. परळ-लालबागमध्ये हेच काम कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या भजनी मंडळांनी केलं. बुवांच्या शेजारी पखवाजावर बसलेल्या पोराला ना कुणी प्रमाणपत्र दिलं ना हार घातला, पण डबलबारीत समोरच्या बुवांना उत्तर देताना ताल कसा सांभाळायचा, हे तो रात्रभर जागून शिकला. शास्त्रीय संगीताच्या लेखात याचा उल्लेख होत नाही, ही आमची, म्हणजे गिरगाव-दादरवाल्यांची, जुनी तऱ्हा.

आजची अडचण बक्षिसांच्या कमतरतेची नाही. सीसीआरटीची शिष्यवृत्ती दहा ते चौदा वयाच्या मुलांना असते. आकाशवाणीची संगीत स्पर्धा सोळा ते चोवीस वयोगटासाठी असते, आणि १९७७ साली तिथलं सुवर्णपदक मिळवलेल्या अश्विनी भिडे यांनी पुढे जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेटही केली आणि घरी आईकडे, माणिक भिडे यांच्याकडे, जयपूर गायकीही शिकत राहिल्या. संगीत नाटक अकादमीने २००६ साली सुरू केलेला बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीच्या आतल्या कलावंतांना मिळतो. सरकारी कागदावर का होईना, ख्याल गाणारा माणूस चाळिशीपर्यंत तरुण असतो हे मान्य झालेलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण शालेय पातळीवर उलटा वारा वाहतो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून कित्येक घरांत प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा ही मालिका दहावीच्या आत उरकायचं वेळापत्रक ठरतं. परीक्षेला माझा विरोध नाही. विष्णू दिगंबरांच्या परंपरेने परीक्षा काढल्या म्हणूनच घराण्याबाहेरच्या, मध्यमवर्गीय मुला-मुलींना हे संगीत खुलं झालं. पण दहावीच्या निकालानंतर तानपुरा कपाटावर जातो तेव्हा त्या मुलाची फक्त ग्रहणशक्ती तपासून झालेली असते. निर्णय घ्यायचं शिक्षण त्यानंतर सुरू व्हायला हवं होतं.

ते सुरू व्हायला लागणारी जागा मुंबईच्या गिरगाव-दादर भागात कमी होत चालली आहे. चाळ पाडून टॉवर उभा राहिला की गुरूची दोन खोल्यांची शिकवणी डोंबिवलीला किंवा विरारला जाते, आणि कॉलेज, क्लास, लोकल यांच्या मधून आठवड्याला एक तास उरतो. देवधरांच्या शाळेत कुमार शिकवणीपुरते येत नव्हते, तिथेच राहत होते. येणाजाणाऱ्या गवयांची भांडणं, गप्पा, रियाज हे सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. हे आज जसंच्या तसं उभं करता येणार नाही, आणि ते गुरुकुल होतं म्हणून उसासे टाकण्यातही अर्थ नाही. करता येण्याजोगी एक लहानशी गोष्ट आयोजकांच्या हातात आहे. बाराव्या वर्षी बक्षीस दिलेल्या मुलाला अठराव्या आणि चोविसाव्या वर्षी पुन्हा बोलवावं, तासभर एकच राग गायला सांगावं, आणि पत्रिकेवर त्याच्या वयाऐवजी गुरूचं नाव आणि तालमीची वर्षं छापावीत. अशी पुन्हा बोलावणारी सर्कलं गिरगाव-दादरला कशी उभी राहिली आणि त्यांचा खर्च कोण करत होतं, ते पुढच्या लेखांकात.