तळ्यावरील कॅमेऱ्यासाठी लांब पल्ल्याच्या तारेची निवड

उरण तालुक्यातील द्रोणागिरी परिसराचे स्वरूप गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ पालटले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि अनेक भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागी वसाहती, रस्ते व कंटेनरची आगारे उभी राहिली. तरीही खाडीच्या कडेने शेती आणि मत्स्यतळी टिकून आहेत. तळ्यातील जिताडा विक्रीस येण्याच्या सुमारास कोणी एका रात्रीत जाळे टाकून चोरून नेला, तर अनेक महिन्यांची मेहनत वाया जाते. यासाठी तळ्याच्या बांधावर कॅमेरा बसविणे हा उपाय आहे. परंतु कॅमेरा घेताना जितकी चौकशी होते, तितकी तारेची होत नाही. तळे घरापासून दूर असेल, तर राखणीचे यश मुख्यतः तारेवरच अवलंबून राहते.

अंतर प्रथम मोजावे

अंतर नजरेने ठरवू नये; टेपने मोजावे. तार पक्ष्यासारखी सरळ जात नाही. समोर ७० मीटरवर दिसणारे तळे बांधाच्या वळणाने ११० मीटर भरू शकते. त्यात खांबावर चढण्याची व घरात शिरण्याची लांबी मिळवावी आणि दहा टक्के तार अधिक धरावी.

वीज वाटेत का कमी पडते

पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी कमी पोचते, तसेच विजेचे आहे. तार जितकी लांब व बारीक, तितका तिचा विरोध अधिक आणि टोकाला मिळणारा दाब कमी. शिवाय वीज जाते व परत येते, म्हणून हिशेबात अंतर दुप्पट धरावे लागते.

समजा, कॅमेरा १२ व्होल्टचा असून तो १२० मीटरवर आहे आणि तांब्याची तार ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची आहे. जाण्यायेण्याच्या २४० मीटर तारेचा विरोध सुमारे ५.५ ओहम होतो. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर वाटेत १.१ व्होल्ट खर्च होऊन १०.९ व्होल्ट पोचतात व कॅमेरा चालतो. रात्री अंधारात पाहण्यासाठी त्याचे अवरक्त दिवे लागतात आणि प्रवाह ०.५ अँपिअर होतो. मग २.७ व्होल्टहून अधिक दाब वाटेत जातो व कॅमेऱ्याला जेमतेम ९.२ व्होल्ट मिळतात. अशा वेळी बहुतेक कॅमेरे बंद पडतात किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतात. दिवसभर निर्दोष दिसणारी व्यवस्था चोरीच्या वेळीच आंधळी होते ती अशी. दोष कॅमेऱ्याचा नसतो, तारेचा असतो. त्याच ठिकाणी २.५ चौरस मिलिमीटरची तार घातल्यास रात्रीही ११ व्होल्टहून अधिक दाब पोचतो.

अंतरानुसार निवड

९० मीटरपर्यंत: संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात ती कॅट-६ जातीची तार सोईची असते. तिच्यातून चित्र व वीज दोन्ही जातात. ही वीज ४८ व्होल्टच्या आसपास पाठवली जात असल्यामुळे प्रवाह थोडा लागतो व घट अल्प होते. या तारेची मर्यादा दोन्ही टोकांच्या जोडतारांसह १०० मीटर आहे. तिच्यापुढे चित्र अडखळू लागते. मध्ये वाढयंत्र बसवून आणखी १०० मीटर जाता येते. परंतु ते यंत्र बांधावर पावसात ठेवावे लागते, हे ध्यानात घ्यावे.

सुमारे २०० मीटरपर्यंत: जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठी दूरदर्शनच्या तारेसारखी कोॲक्सियल तार उपयोगी पडते. चित्र पोचते, विजेचा हिशेब मात्र वरीलप्रमाणे स्वतंत्र करावा.

त्याहून अधिक: प्रकाशतंतूची तार, म्हणजे फायबर, घ्यावी. काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने चित्र जाते. एकमार्गी तंतूवर कित्येक किलोमीटरपर्यंत अडचण येत नाही. मात्र फायबरमधून कॅमेऱ्याला वीज मिळत नाही. ती तळ्याजवळच लहान सौर पट्टी व बॅटरी बसवून द्यावी. २३० व्होल्टची वीज बांधावर न्यावयाचीच असेल, तर चिलखती केबल व गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण यांसह ते काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

खारी हवा, ऊन व पाऊस

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. तिचा विरोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि खाऱ्या हवेत तिचे जोड लवकर कुजतात. ब्लेडने तार खरवडून पाहावी; आत पांढरा धातू दिसल्यास ती घेऊ नये. घरात वापरण्याची पांढरी किंवा करडी तार उन्हात तडकते. म्हणून बाहेरच्या वापराची, काळ्या पॉलिथिलीन आवरणाची तार मागावी. पाणी आत झिरपू नये म्हणून मेण भरलेली मिळाल्यास उत्तम. जोड शक्यतो टाळावेत. जोड द्यावाच लागला, तर तो बंद पेटीत ठेवावा. तार पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच टपकून जाते.

बांध व विजेचा कडकडाट

खारबांध खणून तार पुरू नये. चर खणल्याने बांध ढिला होतो आणि उधाणाच्या भरतीत तेथूनच खारे पाणी शिरते. माशांची चोरी टाळताना शेत गमावण्याची वेळ येते. शिवाय बांधात खेकडे व घुशी बिळे करतात. तार खांबांवरून न्यावी, अथवा बांधाच्या आतील कोरड्या जमिनीत नळीतून न्यावी. मार्गासाठी खारफुटी तोडू नये. तो कायद्याने गुन्हा आहे.

उघड्या खाजणात वीज पडल्यास तांब्याच्या तारेतून तिचा धक्का घरातील यंत्रापर्यंत येऊ शकतो. म्हणून दोन्ही टोकांना लाटरोधक उपकरण व योग्य भूसंधान असावे. धातूचे आवरण नसलेल्या फायबरमधून असा धक्का येत नाही.

काम ताब्यात घेताना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वी शेतकऱ्यासमवेत मार्ग मोजून द्यावा आणि तारेची जात व जाडी देयकावर लिहून घेण्यास सांगावे. काम पूर्ण झाल्यावर चाचणी दिवसा न घेता अंधार पडल्यावर घ्यावी. अवरक्त दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाशी मल्टिमीटरने दाब मोजावा. १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १०.८ व्होल्टहून कमी दाब मिळत असल्यास तार बदलून घ्यावी आणि पैसे त्यानंतरच चुकते करावेत.