टाकळा कोण विसरले?

9 ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. त्या सुमारास कृषी खात्यातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात. यंदा आईला घेऊन गेलो. मैदानात मांडव, पायाखाली चिखल, टोपल्यांत टाकळा, कुरडू, करटोली, भारंगी. विकणाऱ्या बहुतेक आदिवासी भगिनी. एक ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत होती, "भारंगी उकडून पाणी पिळून टाका, नाहीतर कडू लागेल."

माइकवरून निवेदक म्हणाले, "विस्मरणात गेलेल्या भाज्या!" आई पटकन म्हणाली, "कोण विसरलं रे?"

श्रावणात आमच्या घरची कणगी रिकामी व्हायची. लावणी उरकलेली, मजुरी बंद. मग बांधावरचा टाकळा, दोन्ही वेळा. वाचकहो, शाळेत त्या डब्याचे झाकण मी अर्धेच उघडत असे. आज त्याच टाकळ्याला पाककृती स्पर्धेत बक्षीस! आनंदच आहे, पण परीक्षकांच्या खुर्च्यांवर टोपलीवाल्या भगिनींपैकी एकही नव्हती.

जुडी 20 रुपये. बाजारात रुपया न सोडणाऱ्या आईने इथे घासाघीस केली नाही. "खुडताना कंबर मोडते," एवढेच म्हणाली आणि दोन जुड्या घेतल्या. रात्री लसूण-मिरचीची फोडणी, मूठभर चणाडाळ. दुसऱ्या दिवशी कचेरीत डबा सगळ्यांच्या मध्ये ठेवला.