भाडं कोणाचं, वजावट कोणाची?

दिंडोशीतला एखादा फ्लॅट भाड्याने दिलेला असतो आणि घरमालकाचं वर्षाच्या मधेच निधन होतं. भाडेकरू राहतच असतो, त्यामुळे भाडं थांबत नाही. घरचे मग वर्षभराचं सगळं भाडं एकाच नावावर दाखवतात, नाहीतर माणूसच गेला, आता कसलं रिटर्न, असं म्हणून विषय सोडून देतात. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. निधनाच्या तारखेला हिशेबाचे दोन भाग झाले पाहिजेत आणि प्रत्येक वजावट आपापल्या भागात गेली पाहिजे. कायद्याला हेच अपेक्षित आहे आणि कुटुंबाचं हितही त्यातच आहे.

समजा, भाडं महिना २५,००० रुपये आणि निधन ३० सप्टेंबरचं. एप्रिलपासूनचे १,५०,००० रुपये दिवंगत मालकाचे. त्याने हयातीत मालमत्ता कराचे ६,००० भरले असतील, तर उरले १,४४,०००. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे ४३,२००. रंगरंगोटी, दुरुस्ती, दलाली यांसाठी वेगळं काही मिळत नाही. गृहकर्जाचं तोवरचं व्याज ४०,००० असेल, तर करपात्र उरतात ६०,८००. इथे एक बारकावा आहे. व्याज देय झालं की वजावट मिळते, हप्ता थकलेला असला तरी. मालमत्ता कर मात्र प्रत्यक्ष भरलेला असावा लागतो. बिल आलं होतं पण भरणं राहून गेलं, तर मृताच्या रिटर्नमध्ये ती वजावट बसत नाही. मुंबई महापालिकेने २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला आहे. तिथे हा प्रश्नच येत नाही.

ऑक्टोबरपासूनचं भाडं वारसांचं, मग ते जुन्याच बँक खात्यात जमा होत राहिलं तरी. मृत्युपत्र नसेल आणि मागे पत्नी, मुलगा, मुलगी असतील, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिघांचा वाटा सारखा. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं भाडं दाखवायचं आणि ३० टक्के वजावट त्यावर घ्यायची.

सोसायटीत नॉमिनी एकटाच आहे, मग सगळं भाडं त्याचंच ना, असं कोणी म्हणेल. पण नामनिर्देशनाने सोसायटीचं सभासदत्व मिळतं, मालकी ठरत नाही. २०१६ च्या इंद्राणी वाही निकालात सर्वोच्च न्यायालयाने वारसांचा मालकीचा दावा खुला ठेवला आहे. दुसरा आक्षेप असा की, रक्कम एवढीशी, त्यासाठी इतका खटाटोप कशाला? कारण माणूस सहाच महिने जगला तरी त्याला करमुक्त मर्यादा पूर्ण वर्षाची मिळते. सगळं भाडं मुलाच्या नावावर टाकलं, तर तो फायदा हातचा जातो, आणि वडिलांचा कापलेला टीडीएसही त्यांचं रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. वडिलांच्या कराचा बोजा आपल्या खिशावर येईल, ही भीतीही अनाठायी आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १५९ नुसार वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

म्हणून मृत्यूचा दाखला, मृत आणि वारस या दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा देऊन प्राप्तिकराच्या पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी. बँकेकडून निधनाच्या तारखेपर्यंतच्या व्याजाचा दाखला घ्यावा आणि कराच्या पावत्या तारखेनिशी लावून ठेवाव्यात. गेलेल्या माणसाचा हिशेब चोख ठेवणं हे वारसांचं कर्तव्य तर आहेच, पण त्यातून उद्याच्या नोटिसा टळतात आणि भावंडांमधले वादही.