मोटारसायकलची डिकी : आधी आत बघा, मग बाहेर पुसा

दसरा जवळ आला की गावोगावी हापशावर, बोअरच्या पाइपाखाली मोटारसायकली धुतल्या जातात. चाके, टाकी, मडगार्ड चकचकीत होतात. डिकीवरून एकदा ओला फडका फिरतो, 'आईचा आशीर्वाद' पुन्हा वाचता येऊ लागतो आणि झाले काम. झाकण उघडून आत कुणी बघत नाही. डिकी सडते ती मात्र नेमकी आतून.

आमच्या ओळखीच्या एका ग्रामसेवकाची गोष्ट सांगतो. (२०२४ पासून या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, आपणही तेच म्हणू.) अतिवृष्टीचे पंचनामे आटोपून ते संध्याकाळी परत निघाले. कागद डिकीत, डिकीला कुलूप, वरचा रंग शाबूत. घरी येऊन बघतात तर खालचे कागद चिखलाने भिजलेले. शिक्का पसरला, अंगठे पसरले. तळाचा पत्रा कोपऱ्यात चाळणीसारखा झाला होता आणि चाकाचे पाणी तिथून आत येत होते. बिचाऱ्यांना पुन्हा दारोदार फिरावे लागले. त्यात ज्यांचे पीक गेले त्या शेतकऱ्यांचे दिवस वाया गेले ते वेगळेच.

पत्रा कशाने खाल्ला? उन्हाळाभर त्याच डिकीतून टीसीएल पावडरीची पिशवी विहिरीवर जात-येत होती.

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो आणि पिशवीचे तोंड कितीही आवळून बांधा, तो हळूहळू बाहेर पडतोच. बंद डिकीत ओल आणि हा वायू एकत्र आले की रंगाच्या बारीकशा चिरेतून पत्र्याला धरतात. लोखंड असो, जस्ती पत्रा असो, अ‍ॅल्युमिनियम असो, कुणाची सुटका नाही. स्टेनलेस स्टीललासुद्धा सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. तेव्हा ग्रामसेवक, पाणीपुरवठा कर्मचारी यांना एकच विनंती : टीसीएल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घाला आणि तो डबा कॅरियरला बांधा, डिकीत नको.

सांडलीच असेल तर डिकी मोकळ्यावर न्या. वारा पाठीवर घ्या, नाकातोंडाला फडके बांधा, कोरडी पावडर ब्रशने झाडून काढा आणि मग भरपूर साधे पाणी ओता. इथे एक चूक जिवावर बेतू शकते. डाग निघत नाही म्हणून लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड तिच्यावर टाकू नका. टीसीएलवर आंबट पडले की क्लोरीन वायू एकदम सुटतो आणि थेट छातीत जातो. तेलकट चिंध्या, डिझेल आणि युरिया हेही टीसीएलच्या शेजारी ठेवू नयेत. युरिया आणि टीसीएल ओलाव्यात एकत्र आले तर स्फोटक पदार्थ तयार होतो. आपल्या डिकीत दोन्ही एकाच आठवड्यात जाऊन येतात, हे लक्षात असू द्या.

आता द्राक्षवाल्यांसाठी. बोर्डो मिश्रण नीट झाले का ते बघायला जुने बागायतदार त्यात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजायचे. आता विचार करा, तेच मोरचूद डिकीत सांडले तर तुमचा पत्रा म्हणजे तो विळाच झाला. वर तांब्याचा थर बसतो आणि खालचे लोखंड विरघळत जाते. जस्ती पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम यांचीही तीच गत. निळा डाग दिसला की दसऱ्याची वाट न बघता त्याच दिवशी पाण्याने धुवा. पोटॅश हे एका परीने मीठच आहे. ते आणि अमोनियम सल्फेट हवेतली ओल ओढून घेतात आणि कोपऱ्यात पाझरत राहतात. कोकणात मासळी नेणाऱ्यांच्या पेट्यांचे तर विचारूच नका, बर्फाचे खारट पाणी रोजच्या रोज.

कीटकनाशकाची बाटली आणि भाकरीचे फडके एकाच डिकीत, हे दृश्य अजून दिसते. बाटली गळली असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने तीनदा धुवा, आणि ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. त्या डिकीत पुन्हा खाण्याची वस्तू ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या रूपाकडे वळण्याआधी आपली डिकी कशाची आहे ते ओळखा. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटले तर लोखंड किंवा जस्ती पत्रा. चिकटले नाही आणि डिकी हाताला हलकी लागली तर अ‍ॅल्युमिनियम. चिकटत नाही, पण वजनदार आणि चकचकीत आहे, तर बहुधा स्टेनलेस. हे ओळखल्याशिवाय घासणी हातात घेऊ नका, कारण एकाला चालते ते दुसऱ्याला मारते.

अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा आणि चुलीतली राख चालत नाही. दोन्हीने ते काळे पडते. साधा साबण, कोमट पाणी, मऊ फडके पुरे. बोअरच्या क्षाराचे पांढरे डाग असतील तर लिंबाची फोड किंवा चिंचेचा कोळ चोळा, मात्र दोन-चार मिनिटांत धुऊन कोरडे करा. जस्ती पत्र्याला हाच लिंबू लावाल तर जस्त निघून जाईल. त्या पत्र्याचा करडा, निस्तेज रंग दिसायला बरा नसतो हे खरे, पण तो घासून उजळू नका. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. ते तुम्हीच घासून काढल्यावर राहिले काय? स्टेनलेसला तारेची घासणी लावली की लोखंडाचे कण मागे राहतात आणि चार दिवसांनी तेच गंजतात. मग माणूस म्हणतो, दुकानदाराने फसवले. नायलॉनची घासणी वापरा.

रंगवलेल्या डिकीवर डांबराचे ठिपके पडले असतील तर फडक्यावर थोडे रॉकेल किंवा डिझेल घेऊन पुसा आणि लगेच साबणाने धुवा. पेट्रोल वापराल तर पेंटरने काढलेली अक्षरेही फडक्यावर येतील. ('प्रेस' लिहिलेल्या काही डिक्यांचे असे झाले तर आमची हरकत नाही.)

लोखंडी पत्र्याला गंज धरला असेल तर पोपडे तारेच्या ब्रशने काढा, कडेचा शाबूत रंगही बोटभर पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. रात्रभर उघडा ठेवला की दवाने पुन्हा गंज येतो. म्हणून हे काम पावसाळ्यात काढूच नये. मे महिना किंवा दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ती पत्रा यांचा प्रायमर वेगळा असतो, दुकानात तसे सांगून मागा. जस्तीवर थेट ऑइल पेंट मारला तर एखाद्या पावसाळ्यात तो सालीसारखा सुटून येतो.

तळाकडे विशेष लक्ष हवे. आवाज होऊ नये म्हणून अनेकजण आत गोणपाट अंथरतात. ते एकदा भिजले की आठवडा-आठवडा वाळत नाही आणि पत्रा खालून जातो. त्याऐवजी दोन लाकडी पट्ट्या टाका, सामान त्यांवर राहील. कोपऱ्यांत बोरूएवढी दोन भोके पाडून घ्या म्हणजे शिरलेले पाणी निघून जाईल. भोकाच्या कडेला रंगाचे बोट फिरवायला विसरू नका. डिकी आणि कॅरियर जिथे घासतात तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. अ‍ॅल्युमिनियमच्या डिकीला लोखंडी बोल्ट असतील तर त्यांच्याखालीही ट्यूबचे वॉशर कापून बसवा, नाहीतर बोल्टाभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. बिजागरीत आणि कुलपात महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडा. गंजलेल्या बिजागरीचे झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकटते आणि 'डिकीतून रोकड लंपास' ही बातमी आम्हाला छापावी लागते.

दसऱ्याला हार घाला, नारळही फोडा, पण नारळाचे पाणी झाकणाच्या फटीत राहू देऊ नका. हाराची तार वाळलेल्या झेंडूसकट पंधरा दिवस घासत राहते, ती दुसऱ्या दिवशी काढा. आणि नवा रंग दिला असेल तर दोन दिवस झाकण उघडेच राहू द्या. लगेच बंद केले तर कडेचे रबर ओल्या रंगाला चिकटते आणि उघडताना रंगाचा पोपडा घेऊनच सुटते.