१३,९९९ रुपयांचे दोन फोन

भारतातल्या स्मार्टफोनच्या बाजाराला २०१४ साली कलाटणी मिळाली, ती प्रामुख्याने दोन फोनांमुळे. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी आला आणि जुलैत शाओमीचा एमआय ३. दोन्ही फक्त फ्लिपकार्टवर मिळत. १६ जीबीचा मोटो जी १३,९९९ रुपयांना होता आणि १६ जीबीचा एमआय ३ही नेमका तेवढ्यालाच. किंमत एक, साठवण एक, दुकानही एकच. अशा वेळी दोघांना शेजारी ठेवून पाहिलं जाणं अटळ होतं. त्या तुलनेत एमआय ३ सरस ठरला आणि आकड्यांच्या हिशेबाने ते योग्यच होतं. पण पुढच्या काही वर्षांत हे फोन वापरणाऱ्यांच्या वाट्याला जे आलं, त्यातलं बरंचसं तुलनेच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. म्हणून या दोघांचा मागोवा आजही घेण्याजोगा आहे.

आधीचा बाजार आठवून पाहा. दहा ते पंधरा हजारांत तेव्हा काय मिळे? मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास २ चा पडदा पाच इंची होता, पण त्यावरची अक्षरं फुटकी दिसत, कारण रिझोल्यूशन फक्त ८५४ बाय ४८० होतं. सॅमसंगचा गॅलक्सी एस ड्युओस चार इंची, एका कोअरच्या प्रोसेसरवर चालणारा. नोकियाचा ल्युमिया ५२० चालायला गुळगुळीत होता, पण विंडोजवर हवी ती ॲप मिळत नसत. फोन हँग होणं हे या किमतीत गृहीतच धरलेलं असे. खरा चांगला फोन हवा तर दुप्पट पैसे मोजायचे. गुगलचा नेक्सस ५ भारतात २८,९९९ रुपयांना आला होता.

मोटो जी जगापुढे आला तो १३ नोव्हेंबर २०१३ रोजी, ब्राझीलमधल्या साओ पावलोत. मोटोरोला तेव्हा गुगलच्या मालकीची होती. स्वस्त फोन म्हणजे टाकाऊ फोन नव्हे, हे या फोनला दाखवून द्यायचं होतं, आणि त्यासाठी पैसा कुठे घालायचा व कुठे वाचवायचा याचा नीट विचार झालेला दिसतो. साडेचार इंची पडदा १२८० बाय ७२० चा, म्हणजे बारीक मजकूरही कोरल्यासारखा स्पष्ट. प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ४००, चार कोअरचा, १.२ गिगाहर्ट्झचा, दिमाखदार नाही, पण पुरेसा. रॅम १ जीबी. काटकसर केली ती कॅमेऱ्यात: मागे ५ मेगापिक्सेल, पुढे १.३. मेमरी कार्डाची सोय नाही. त्यामुळे १२,४९९ रुपयांचा ८ जीबीचा फोन ज्यांनी घेतला, त्यांना लवकरच व्हॉट्सॲपचे फोटो पुसत बसायची पाळी आली.

हा फोन हातात घेतला की त्याची पाठ लगेच जाणवे. मधोमध ११.६ मिलिमीटर जाड आणि कडांकडे उतरत गेलेली ती पाठ तळहातात बरोबर बसे. चार्जिंगच्या खाचेत नख घालून जोर लावला की पाठीचं कवच निघे आणि त्याजागी दुसऱ्या रंगाचं लावता येई. कवच निघालं म्हणजे बॅटरी बदलता येईल असं मात्र नव्हतं. २०७० एमएएचची बॅटरी आत पक्की बसवलेली होती. तिथे दिसत त्या दोन सिमच्या जागा, आणि भारतातल्या गिऱ्हाइकाला याच फार महत्त्वाच्या वाटत.

दोन सिमची गरज आपल्याकडे का होती, हे आजच्या तरुणांना सांगावं लागेल. मुंबई हे एक टेलिकॉम सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. पुण्याचा नंबर घेऊन मुंबईत शिरलं की रोमिंग सुरू. कामासाठी सतत ये-जा करणारे लोक म्हणून दोन्हीकडची सिम बाळगत. कुणाचं एक सिम जुन्या नंबरासाठी असे आणि दुसरं स्वस्त नेटपॅकसाठी. मोटो जीने भारतात दोन सिम दिली. एमआय ३ मध्ये एकच होतं. कागदावर ही एक छोटी ओळ होती, पण अनेक घरांत निर्णय याच ओळीवर झाला.

एमआय ३ बीजिंगमध्ये ५ सप्टेंबर २०१३ रोजी जाहीर झाला होता, पण भारतात यायला त्याला दहा महिने लागले. गुगलमध्ये अँड्रॉइडची धुरा सांभाळणाऱ्यांपैकी एक असलेले ह्यूगो बारा २०१३ मध्ये शाओमीत गेले आणि भारतातल्या पदार्पणाचा चेहरा तेच झाले. त्यांनी मांडलेला फोन पाहून लोक थक्क झाले, ते उगीच नाही. पाच इंची फुल एचडी पडदा, स्नॅपड्रॅगन ८०० प्रोसेसर २.३ गिगाहर्ट्झचा, २ जीबी रॅम, १३ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ३०५० एमएएचची बॅटरी, आणि हे सगळं ८.१ मिलिमीटरच्या सडपातळ अंगात. नेक्सस ५ मध्येही स्नॅपड्रॅगन ८०० च होता, आणि तो दुपटीहून अधिक किमतीचा होता.

तक्ता मांडला तर मोटो जीची बाजू लंगडी पडे. पडदा, वेग, रॅम, कॅमेरा, बॅटरी या पाचही ओळींत एमआय ३ पुढे. दोन सिम आणि हातात मावणारा आकार या दोन ओळी मोटो जीच्या. तिसरी गोष्ट आकड्यात धरता येत नव्हती, ती म्हणजे सॉफ्टवेअर. मोटो जीवर अँड्रॉइड जवळजवळ गुगलने केलं तसंच होतं, वर कंपनीची फारशी सजावट नाही. एमआय ३ वर अँड्रॉइडला शाओमीने दिलेलं स्वतःचं रूप, एमआययूआय, होतं. ते दिसायला देखणं होतं आणि त्यात आपल्या मनासारखे बदल करायला खूप वाव होता. मात्र ॲपसाठी वेगळा कप्पा नव्हता, सगळी चिन्हं थेट समोर मांडलेली. कुणाला ते आवडलं, कुणाला त्याची सवयच झाली नाही.

आणखी एक फरक फोन मिळण्यातच होता. मोटो जी पैसे भरले की घरी येई. एमआय ३ साठी आधी नाव नोंदवायचं, मग मंगळवारी दुपारी दोन वाजता संगणकापुढे बसायचं आणि नशीब आजमावायचं. २२ जुलैला पहिली विक्री झाली. पुढच्या फेऱ्यांत तर सारे फोन काही सेकंदांत संपत. कित्येकांनी हा फोन मनात निवडला, पण तो त्यांच्या हाती कधी आलाच नाही. सप्टेंबरपासून शाओमीने ५,९९९ रुपयांच्या रेडमी १एसवर भर दिला आणि एमआय ३ ची भारतातली विक्री थांबली.

इथवरचा इतिहास खरेदीचा झाला. फोनचं खरं आयुष्य खरेदीनंतर सुरू होतं, आणि दोघांच्या वाटा तिथेच वेगळ्या झाल्या.

मोटो जी भारतात आला तो अँड्रॉइड ४.३ घेऊन, पण पुढची आवृत्ती, किटकॅट, त्याला लगेचच मिळाली. पुढे २०१५ मध्ये लॉलिपॉप, म्हणजे अँड्रॉइड ५.०, हेही आलं. तेरा हजारांच्या फोनला दोन मोठ्या आवृत्त्या मिळणं तेव्हा अपूर्वाईचं होतं. आपल्यासाठी त्यातली एक गोष्ट फार मोलाची होती. अँड्रॉइड ५.० मध्ये फोनची भाषा म्हणून मराठी निवडता येऊ लागली. त्याआधीच्या कित्येक स्वस्त फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत, किंवा वेलांट्या भलत्याच ठिकाणी जाऊन बसत आणि जोडाक्षरं तुटत. आता मेनू, सेटिंग्ज, सूचना सगळं मराठीत आलं, आणि तेही आधीच विकत घेतलेल्या फोनमध्ये, एक रुपयाही न भरता. इंग्रजीला बिचकणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांसाठी ही सोय तेरा मेगापिक्सेलपेक्षा मोठी होती, असं मी ठामपणे म्हणेन.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १ जीबी रॅमवर लॉलिपॉप जड पडू लागलं. फेसबुक आणि व्हॉट्सॲपसारखी ॲप दरवर्षी फुगत गेली तसा मोटो जी मंदावला. एमआय ३ अँड्रॉइडच्या आवृत्तीत बराच काळ किटकॅटवरच राहिला, पण एमआययूआयच्या नव्या आवृत्त्या त्याला मिळत राहिल्या, आणि २ जीबी रॅम व तगड्या प्रोसेसरच्या बळावर तो चपळ राहिला. म्हणजे आकडे खोटे नव्हते. पहिल्या दिवशी गरजेपेक्षा जास्त वाटलेली ताकद तिसऱ्या वर्षी उपयोगी पडली.

मग ५ सप्टेंबर २०१६ उजाडला. जिओ सुरू झालं, तेही फक्त फोर-जीवर. भारतात विकलेले हे दोन्ही फोन थ्री-जीपुरतेच होते. सगळीकडे लोक फुकट डेटासाठी रांगा लावत असताना नीट चालणारे, न फुटलेले, न बिघडलेले फोन एका दिवसात मागच्या पिढीचे झाले. अवघ्या दोन वर्षांपूर्वी प्रोसेसरच्या वेगावरून वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी फोर-जीचा विचार केला होता. ज्यांना फोन टाकवले नाहीत, त्यांच्या मदतीला हौशी प्रोग्रॅमर आले. 'फाल्कन' हे मोटो जीचं आणि 'कॅन्क्रो' हे एमआय ३ चं सांकेतिक नाव घेऊन सायनोजेनमॉड आणि पुढे लिनिएजओएस या अँड्रॉइडवर आधारलेल्या मुक्त प्रणालींच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. कंपन्यांनी सोडलेले फोन या लोकांनी स्वतःच्या वेळात, विनामोबदला चालते ठेवले. त्यांचे आभार कुणी जाहीरपणे मानले नाहीत, ते इथे मानतो.

कंपन्यांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. मोटो जी भारतात येण्याच्या आठवडाभर आधी, २९ जानेवारी २०१४ ला, गुगलने मोटोरोला लेनोव्होला सुमारे २.९ अब्ज डॉलरना विकत असल्याचं जाहीर केलं होतं. त्वरित अपडेटची ती शिस्त पुढे पहिल्यासारखी राहिली नाही. शाओमीने मात्र रेडमी नोटच्या मालिकेतून एमआय ३ चंच सूत्र आणखी खालच्या किमतीत नेलं आणि २०१७ च्या अखेरीपर्यंत ती भारतात आघाडीवर पोचली. बाजाराने एमआय ३ चा धडा घेतला: त्याच पैशात जास्त ताकद द्या. मोटो जीने जो धडा दिला, की विकलेल्या फोनची नंतरही काळजी घ्या, तो गिरवायला बाजाराला जवळजवळ दहा वर्षं लागली. २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं, २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगने गॅलक्सी एस२४ ला तेच दिलं, आणि जून २०२५ पासून युरोपीय संघात याबाबत नियमच लागू झाले. पण सात वर्षांची ही वचनं महागड्या फोनांपासून सुरू झाली. ज्या घरात एकच फोन चार-पाच वर्षं पुरवून वापरला जातो, त्या घरातल्या फोनला ती सर्वांत आधी मिळायला हवीत.

म्हणून कुणी दोन फोन घेऊन सल्ला विचारायला आलं, तर मी तक्त्यात तीन ओळी वाढवायला सांगतो. अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? आपल्या गावात पुढची चार वर्षं जे नेटवर्क राहणार, ते हा फोन धरतो का? बॅटरी दमली तर आपल्या तालुक्याच्या ठिकाणी ती बदलून मिळते का? ही उत्तरं विकणाऱ्याकडून आधी घ्यावीत, आणि मगच मेगापिक्सेल मोजावेत. गिऱ्हाइकांनी हे प्रश्न हट्टाने विचारले तरच कमी किमतीचे फोनही जास्त वर्षं टिकतील असे बनतील.